घरच्या डब्यातील स्ट्रॉबेरी



आपला तालुका महाबळेश्वर. येथे स्ट्रॉबेरी पिकते हे सर्वांना ठाऊक आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण शेतात पिकते ती बाजारात जाते. आमची शेती नाही. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात स्ट्रॉबेरी तोडायला जाते. ती दिवसभर फळे तोडते आणि पनेट भरते, पण एकसुद्धा फळ घरी आणत नाही. ती म्हणते, "मालकाचं फळ मालकाला. आपल्याला पायजे तर आपण लावावं."

म्हणून मी घरी स्ट्रॉबेरी लावली. बियांपासून लावली आणि रोपांपासूनही लावली. त्याची माहिती या लेखात देत आहे.

स्ट्रॉबेरीचे बी कोठे असते?

आंब्याची कोय आत असते. पेरूच्या बियाही आत असतात. स्ट्रॉबेरीचे दाणे मात्र बाहेर, सालीवर असतात. मामांनी पाचगणीहून एक पनेट आणले होते. त्यातल्या एका फळावरचे दाणे मी मोजले. १८३ भरले. मोजून होईपर्यंत धाकट्या बहिणीला लांब बसवावे लागले, नाहीतर ते फळ राहिले नसते.

गुरुजींनी एक नवलाची गोष्ट सांगितली. तो प्रत्येक दाणा म्हणजेच खरे फळ असते व त्याच्या आत एक बारीक बी असते. आपण जो लाल गर खातो तो फुलाच्या बुडाचा फुगलेला भाग असतो. काजूचे बोंड जसे देठाचे फुगते, तसेच हे. फुलावर मधमाशी नीट फिरली नाही तर सगळे दाणे भरत नाहीत. मग गरही सगळीकडे फुगत नाही आणि फळ वेडेवाकडे होते.

प्रयोग १ : बियांपासून रोपे

साहित्य : एक पूर्ण पिकलेले फळ, कागद, ओले फडके, झाकणाची डबी, पसरट डबा, चाळलेली माती, शेणखत.

कृती : फळाची दाणे असलेली साल मोठ्या माणसाकडून पातळ कापून घ्यावी. ती कागदावर दोन-तीन दिवस वाळवावी. मग चोळले की दाणे सुटे होतात. ते ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घालावेत व डबी तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवावी. आमच्याकडे फ्रीज नाही, म्हणून मी ती दुकानातल्या काकांच्या फ्रीजमध्ये ठेवली. थंडी लागली की बी लवकर जागे होते. नंतर दाणे ओल्या मातीवर नुसते पसरावेत. वरून माती टाकू नये, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे.

निरीक्षण : मी तिसरीत असताना ५ जानेवारीला बी पेरले. बावीस दिवस काहीच दिसले नाही. तेविसाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. ते मोहरीपेक्षाही बारीक होते. एकूण ३१ रोपे उगवली. उन्हाळ्यात बरीच सुकली. जूनमध्ये ९ राहिली.

प्रयोग २ : रनरपासून रोपे

स्ट्रॉबेरीच्या रोपाला दोरीसारखी लांब फांदी फुटते. ती जमिनीवरून पळते व पुढे जाऊन नवे रोप धरते. शेतकरी तिला रनर म्हणतात. पुस्तकात तिला धावते खोड म्हटले आहे. आपली हरळीसुद्धा अशीच पसरते.

साहित्य : रनरची रोपे, तेलाचे रिकामे डबे, लाल माती, शेणखत, थोडी वाळू, भाताचा पेंढा.

कृती : डब्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडून घ्यावीत. माती व शेणखत निम्मे निम्मे घ्यावे. थोडी वाळू मिसळावी. रोप लावताना मुळे मातीत गेली पाहिजेत, पण मधला कोंब वर राहिला पाहिजे. कोंब मातीत गाडला तर रोप कुजते. मातीवर पेंढा पसरावा, म्हणजे फळाला माती लागत नाही. शेतात यासाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. पाणी सकाळी बुडाशी घालावे. फळे धरत असताना नवे रनर खुडावेत, नाहीतर रोपाची शक्ती त्यांच्यातच जाते.

निरीक्षण : लागवडीतून उरलेली दोन रोपे मालकांनी आईला दिली. मी ती २८ सप्टेंबरला लावली. १४ नोव्हेंबरला पहिले फूल आले आणि १६ डिसेंबरला पहिले फळ तोडले. फळ पूर्ण लाल झाल्यावरच तोडावे. तोडल्यानंतर ते आणखी पिकत नाही. आईने शिकवले की फळ दाबून ओढायचे नाही, देठ नखाने खुडायचा. पहिले फळ आम्ही चौघांनी वाटून खाल्ले.

पावसाळा

आपल्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्यावर स्ट्रॉबेरी कुजून जाते. म्हणून शेतकरी रोपवाटिका कमी पावसाच्या भागात, वाईच्या बाजूला करतात. मी बियांची ९ रोपे पडवीत उजेडाच्या बाजूला ठेवली. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घातले. तरी जुलैत ४ कुजली, ५ जगली. त्यांपैकी तिघांना थंडीत फुले आली. बियांच्या रोपाचे पहिले फळ यंदा २६ जानेवारीला मिळाले. म्हणजे पेरल्यापासून एक वर्ष आणि तीन आठवडे लागले.

दोन्हींत फरक काय?

रनरच्या दोन्ही रोपांची फळे अगदी सारखी आहेत. शेतातल्या फळांसारखीच चव आहे. बियांच्या तीन रोपांना मात्र तीन तऱ्हेची फळे आली. पहिल्याचे बारीक व आंबट. दुसऱ्याचे मिरचीसारखे लांबट. तिसऱ्याचे लहान आणि फिकट लाल, पण त्याचा वास सगळ्या पडवीत येतो. सगळी एकाच फळाच्या बियांची भावंडे, तरी वेगळी.

गुरुजींनी याचे कारण सांगितले. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी दोन जातींच्या संकरातून झाली. फ्रेझिये नावाच्या फ्रेंच माणसाने १७१४ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशातून मोठ्या फळांची रोपे फ्रान्सला नेली. तेथे त्यांना फळ धरेना, कारण ती सगळी मादी रोपे होती. पुढे उत्तर अमेरिकेतील दुसरी जात त्यांच्याजवळ लावली गेली. दोन्हींचा संकर होऊन नवी स्ट्रॉबेरी जन्मली. म्हणून तिच्या बीमध्ये अनेक पूर्वजांचे गुण असतात. कोणता गुण वर येईल हे आधी सांगता येत नाही.

अनुमान : लवकर आणि खात्रीचे फळ पाहिजे असेल तर रनर लावावा. नवीन काही पाहायचे असेल तर बी लावावे आणि धीर धरावा.

आई आधी म्हणायची, "बियांच्या नादाला लागू नगं, रोप लाव." पण तिने तिसऱ्या रोपाचे फळ हातात घेऊन दोनदा वास घेतला व म्हणाली, "असला वास शेतातल्या एकालाबी न्हाई."

हे रोप एकच आहे. त्याचे बी पेरले तर तसलेच फळ येईल असे नाही. येत्या जुलैत ते कुजले तर तो वास पुन्हा मिळायचा नाही. ते फक्त त्याच्या रनरमधूनच टिकेल. फळे संपली की मी त्याचे रनर खुडणार नाही. प्रत्येक रनरचे टोक मातीच्या वेगळ्या डब्यावर टेकवून आईच्या केसांच्या आकड्याने दाबून ठेवीन. मुळे धरली की तीन-चार आठवड्यांनी मधली दोरी कापीन.

मित्रांनो, ज्याला त्यातले रोप पाहिजे त्याने मे महिन्यात बुडाला भोके पाडलेला डबा घेऊन आमच्या घरी यावे. पैसे नकोत. सगळी रोपे एकाच पडवीत ठेवली तर एका पावसात जातील. दहा घरी ठेवली तर एखाद्या घरी तरी जगेल. ज्याच्या घरी जगेल त्याने मला एक रनर परत द्यावा.

— इयत्ता चौथी