बाबा गावी, मी पुण्यात: वजन कसं उतरवायचं?

प्रश्न : वडिलांना (६२) आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावा पाय अजून ओढत चालतात. वजन ९० किलोवर गेलंय. लांबून मदत करता येईल का?

उत्तर : नक्की येईल. फक्त रोज फोनवर ‘काय खाल्लंत?’ अशी झडती घेऊ नका. झटक्यानंतर मन आधीच खचलेलं असतं. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी व्हिडिओ कॉल करा. वजन सकाळी, भिंतीजवळ आणि आई शेजारी उभी असतानाच करायचं. पहिलं लक्ष्य चार-पाच किलोंचंच ठेवा. घरी रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगा, पानाचा फोटो मागवा.

कॉलवर ताट दाखवायला सांगा. खरी मेख तिथेच सापडते: भाकरीशेजारी लोणचं, पापड, वर मीठ. दिवसाचं एकूण मीठ चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गिळताना ठसका लागत असेल तर आहार बदलण्याआधी तपासणी करून घ्या. व्यायाम फिजिओथेरपिस्टने आखलेलाच. खुर्चीत बसूनही सुरुवात होते. सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो.

तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात लुळा पडला तर कॉल करत बसू नका. थेट १०८.