मधुराला, मलावीला निघताना

चि. मधुरा,

तुझी सामानाची यादी पाहिली. टॉर्च, मच्छरदाणी, चार्जर, सगळं आलं. मला धास्ती आहे ती तुझ्या दार लावून वाचत बसण्याच्या सवयीची. तू ज्या घरी राहणार आहेस तिथे, झोम्बाकडच्या खेड्यात, दिवसाढवळ्या दाराआड बसलेली मुलगी एक तर आजारी असते, नाहीतर रुसलेली. पुस्तक घेऊन ओसरीवर बस. कुणाकडे गेलीस तर बाहेरून ‘ओडी’ म्हणून हाक दे, आतून ‘ओडीनी’ येईपर्यंत थांब. आणि ख्यालीखुशाली पुरती विचारल्याशिवाय कामाचं बोलू नकोस.

संध्याकाळी चुलीपाशी जा. न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची, आपल्या उकडीसारखी पण फार घट्ट. ती लाकडी डावाने घोटताना दंड भरून येतात, तेव्हा मदत कर. गोळा उजव्या हातात वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी घ्यायची. मांसमच्छी खात नाहीस हे पहिल्याच दिवशी सांग, पाहुणीसाठी कोंबडी कापली जायच्या आत. भोपळ्याच्या पानांची दाण्याचं कूट घातलेली भाजी मिळाली की तुझी चैनच आहे. जेवणाआधी घरातली मुलगी गुडघे टेकून तुझ्या हातावर पाणी घालेल. तिला उठवायला धावू नकोस. समतेची भाषणं पहिल्या आठवड्यात तरी नकोत.

एका बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. तू जानेवारीत जातेयस. नवा मका एप्रिल-मेमध्ये निघतो, आणि त्याआधीचे दोन-तीन महिने बऱ्याच घरांत कोठार तळाला गेलेलं असतं. हे तुला कुणी सांगणार नाही, ताट भरूनच येईल. पोरांच्या ताटात किती पडलंय ते बघ आणि मग आपला हात आवर. पण नको असं साफ म्हणू नकोस. तुला पाठवणारी संस्था त्या घराला तुझ्या मुक्कामाचा खर्च देत असली तरी बाजारातून येताना साखर, साबण, तेल आण. नोटा हातावर ठेवल्यास तर घरची अमायी, म्हणजे आई, अवघडेल.

गुडघे झाकलेले हवेत, वरून चितेंजे, म्हणजे तिकडचं कमरेचं कापड, गुंडाळ. तिथले अध्यक्ष बांडा यांच्या राजवटीत 1973 साली बायकांच्या पँटवर कायद्यानेच बंदी आली. नव्वदच्या दशकात ती उठली, पण म्हाताऱ्यांच्या नजरेतून अजून पुरती उठलेली नाही. तुला सगळे दुकानदारांची पोर समजतील. तिकडचे भारतीय बहुतेक गुजराती व्यापारी, आणि सत्तरच्या दशकात बांडांनी त्यांना खेड्यांतून शहरांत हलवलं. त्यामुळे गावात मुक्काम करणारी भारतीय मुलगी म्हणजे नवलच. लोक नोकरी मागतील, उधारी मागतील. हसून वेळ मारून ने, खोटं आश्वासन देऊ नकोस.

ताप आला तर थकवा म्हणून झोपून राहू नकोस. त्याच दिवशी अमायीला बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि मलेरियाची तपासणी करून घे. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या असतात. त्या आताच मोजून पिशवीत टाक.

तुझी,
मावशी