जुना पाळणा आणि नवा बाळंतविडा

घरात बाळ येणार असे कळले, की आपल्याकडे दोन कामांस आपोआप आरंभ होतो. आजी मऊ झालेली धोतरे-लुगडी शोधू लागते आणि माळ्यावरचा पाळणा खाली उतरविला जातो. अलीकडे बाळंतविडा तयार मिळतो, पाळणाही दुकानातून येतो; तथापि ही कामे हाताने करण्यात जो आनंद व जे शिक्षण आहे, ते विकत मिळत नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गाने ती दोन्ही कामे करून पाहिली. त्यांत आम्ही काय शिकलो आणि कोठे चुकलो, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रसंग असा घडला. आमच्या शाळेतील मावशींच्या सुनेला बाळ व्हावयाचे होते. मावशी रोज आमचे वर्ग झाडतात, आमच्या हरवलेल्या डब्यांचा पत्ता लावतात. त्यांच्या घरी पाळणा नव्हता. वर्गाने वर्गणी जमविली. परंतु नवा पाळणा येईल इतकी ती नव्हती. म्हणून हस्तव्यवसायाच्या बाईंबरोबर आम्ही वडोदऱ्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि दोन वस्तू घेऊन परतलो. एक सागवानी पाळणा. त्याचे पॉलिश उडाले होते आणि कठड्याची एक दांडी मोडली होती. दुसरी एक चिमुकली हिरवी खुर्ची, पाठीवर पिवळी फुले रंगविलेली. खरे सांगावयाचे तर आमचा जीव खुर्चीवरच जडला होता.

दुसऱ्या दिवशी बाई येण्यापूर्वीच आमच्यापैकी दोघांनी काचकागद घेऊन खुर्ची घासण्यास आरंभ केला. हिरवी पूड उडू लागली. तोच बाई आत आल्या.

"थांबा मुलांनो! काचकागद खाली ठेवा आणि आधी हात-तोंड धुऊन या."

बाईंचा एवढा चढलेला स्वर आम्ही कधी ऐकला नव्हता. त्यांनी जमिनीवरची पूड केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घेतली, ते फडके पिशवीत बांधून दूर केले आणि खुर्ची कागदात गुंडाळून उंच फळीवर ठेवली. त्या दिवशीचा तास मग शिसे या एकाच विषयावर झाला.

जुन्या तैलरंगांत शिशाचे संयुग पुष्कळ वेळा असे. पांढऱ्या रंगातला सफेदा हे शिशाचेच संयुग; लोखंडावर प्रथम देतात तो शेंदूरही शिशाचाच; आणि पिवळाजर्द क्रोम रंग म्हणजे शिसे व क्रोमियम यांचे संयुग. याच पिवळ्यात निळा मिसळून हिरवा रंग तयार करीत. असा रंग वाळून त्याचे पापुद्रे निघाले, अथवा तो कोरडा घासला, म्हणजे विषारी धूळ पसरते. ती हातांवर बसते, हात तोंडात जातात. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात शिसे अधिक प्रमाणात शोषले जाते आणि वाढत्या मेंदूस ते अपाय करते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, अशी मर्यादा शास्त्रज्ञांस सापडलेली नाही.

ही गोष्ट नवी नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्येच दाखवून दिले होते, की तेथील मुलांच्या विषबाधेचे मूळ घरांच्या व्हरांड्यांच्या रंगात आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर 1978 मध्ये बंदी आली. आपल्या देशात 2016 चे नियम झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक शिसे असू नये, अशी मर्यादा लागू झाली. म्हणजे त्यापूर्वी रंगविलेली, किंवा केव्हा रंगविली हे ठाऊक नसलेली प्रत्येक वस्तू संशयास्पदच मानली पाहिजे.

"पण बाई, वरून नवा रंग दिला तर?" आमच्यातील एकीने विचारले.

"दात येऊ लागलेले बाळ लाकूडसुद्धा कुरतडते," बाई म्हणाल्या. "नव्या रंगाखाली जुना आहेच ना? तुम्ही वस्तू डोळ्यांनी पाहता. बाळ ती तोंडाने पाहते."

रंगाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेता येते; पण तिचा खर्च खुर्चीच्या किमतीहून अधिक होता. अखेर ती खुर्ची बाळाला द्यावयाची नाही, असे ठरले. वर्गणीचे पैसे वाया गेल्याचे दुःख आम्हांस झाले, हे लपविण्यात अर्थ नाही.

आता पाळण्याकडे वळू. त्यावर रंग नव्हता, तपकिरी पॉलिश होते. ते कशाचे, हे ओळखण्यासाठी बाईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एका कोपऱ्यात टेकविला. पॉलिश मऊ होऊन चिकट झाले, बोळा तपकिरी झाला. यावरून ते लाखेचे आहे हे कळले. कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, वाळलेला तैलरंग तसा विरघळत नाही.

लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक कीटकांपासून मिळते. वडोदऱ्याच्या रहिवाशांस तिची ओळख नव्याने करून द्यावयास नको. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेले आणि 2013 पासून छोटाउदेपूर जिल्ह्यात गेलेले संखेडा हे गाव लाखकामाच्या सागवानी पाळण्यांसाठी व झोपाळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर खरादावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. शुद्ध लाख निरुपद्रवी असते. गोळ्या-मिठायांवर चकाकी आणण्यासाठीही ती वापरतात. मात्र लाख रंगीत असेल, तर तिच्यात कोणता रंग मिसळला आहे हे कारागिरास विचारल्यावाचून राहू नये.

पाळण्याचे काम आम्ही पुढील क्रमाने केले.

प्रथम मजबुती पाहिली. ढिले स्क्रू आवळले, गंजलेल्या कड्या बदलल्या आणि 15 किलो वाळूचे पोते पाळण्यात ठेवून तो दिवसभर टांगून ठेवला. नंतर कठड्याच्या दांड्यांमधील अंतर मोजले. ते 6 सेंटिमीटरहून अधिक असू नये. अधिक असल्यास बाळाचे अंग फटीतून सरकते आणि डोके अडकते. मोडलेल्या दांडीच्या जागी सुतारकाका नवी सागवानी दांडी खरादावर उतरवून घेऊन आले.

यानंतर घासकाम. नाकातोंडावर फडके बांधून, उघड्या अंगणात, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच काचकागद चालविला. प्रथम जाडा, मग बारीक. रेषांच्या आडवे घासल्यास पडणारे चरे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात, हे एका बाजूचे लाकूड बिघडविल्यावर आम्हांस समजले! धूळ ओलसर फडक्याने पुसून लाकूड वाळू दिले.

पॉलिशसाठी एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 150 ग्रॅम चपडा लाख घालून रात्रभर ठेवली आणि सकाळी ते मिश्रण गाळून घेतले. स्पिरिट पेट घेते आणि पोटात गेल्यास ते विषच आहे. म्हणून हे काम बाईंनी व सुतारकाकांनी स्वतः केले. सुती कापडात कापूस बांधून केलेल्या पोटळीने त्यांनी पातळ हात दिले. प्रत्येक हात वाळल्यावर अगदी बारीक काचकागद हलकेच फिरवून पुढचा, असे पाच हात झाले. शेवटच्या हातानंतर स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत पाळणा दोन आठवडे वाऱ्यावर ठेवला.

लाखेला गरम पाणी व सोडा सोसत नाही. म्हणून बाळ जेथे निजणार, त्या तळाच्या फळ्या कोऱ्याच ठेवल्या. त्या पुसता येतात, उन्हात वाळविता येतात.

शिवणकामात वर्गातील मुलगेही बसले. आरंभी थोडे हसणे झाले, परंतु सर्वांत सरळ धावदोरा एका मुलानेच घातला! बाळंतविड्यासाठी आम्ही सहा दुपटी, चार झबली व दोन कुंच्या केल्या. दुपट्यासाठी धुऊन उन्हात वाळविलेल्या जुन्या सुती लुगड्याचे 90 सेंटिमीटरचे दोन चौकोन घेतले, ते एकमेकांवर ठेवून चारही कडांनी शिवले आणि मध्ये धावदोऱ्याच्या ओळी घातल्या. जुनेच कापड का? पुष्कळ धुण्यांनी त्याची खळ निघून गेलेली असते व धागा मऊ झालेला असतो.

कुंचीसाठी 40 सेंटिमीटर लांब व 18 सेंटिमीटर रुंद पट्टी घेऊन ती लांबीत दुमडली आणि डोक्यामागची एक बाजू शिवली. खालच्या कडेस चुण्या घालून तेथे पाठीवर रुळणारा घोळ जोडला. झबल्यांना मोत्यांची बटणे लावण्याचा आमचा बेत होता; तो बाईंनी मोडला. सुटलेले बटण बाळाच्या घशात अडकते, लांब नाडी गळ्याभोवती गुंडाळली जाते. म्हणून नाड्या गाठ बसेल इतक्याच आखूड ठेवल्या आणि निजविताना कुंची काढावी, असे मावशींना सांगितले.

मोहरीच्या उशीचे काय? ती आम्ही शिवलीही होती. पण दिली नाही. वर्षाच्या आतील बाळास उशी देऊ नये, त्याला सपाट व घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मऊ उशीत तोंड रुतल्यास श्वास कोंडतो. तसेच बाळ हातांवर रेटून उठू लागले, की पाळण्याचा उपयोग थांबवावा.

बारशाच्या आदल्या दिवशी आम्ही पाळणा मावशींच्या घरी पोहोचविला. मावशींनी त्यावरून हात फिरविला आणि कठड्याच्या नव्या दांडीपाशी थांबून विचारले, "ही तेवढी फिकी का गं?" ती नवी आहे, काही वर्षांनी इतरांसारखी होईल, असे आम्ही सांगितले. "मग पुढच्या नातवंडापर्यंत होईल," असे म्हणून मावशी हसल्या.

नात आता सात महिन्यांची आहे. तिला दात येत असून एका दुपट्याचा कोपरा तिने चावून चावून पार विरविला आहे, असे मावशी परवा सांगत होत्या. आमच्या कामास यापरती पावती ती कोणती? हिरवी खुर्ची मात्र हस्तव्यवसायाच्या खोलीत अजून फळीवरच आहे. बाईंनी तिच्या कागदावर चिठ्ठी लावली आहे: 'बाळासाठी नव्हे.'

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादा पाळणा, पांगुळगाडा किंवा छोटी खुर्ची असेल. ती अवश्य खाली उतरवा. परंतु ती किती सुंदर दिसेल हे पाहण्यापूर्वी, ती बाळाच्या तोंडात गेली तर काय होईल, एवढा विचार करा. आणि मगच काचकागद हाती घ्या.