क्रियापद कुणाचं ऐकतं?

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि महाराष्ट्र नगर भागातल्या मोठ्या माणसांना मी संध्याकाळी बोलायची मराठी शिकवते. रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या मदतनीस असे माझे विद्यार्थी. बरेच जण पूर्व उत्तर प्रदेशातले नाहीतर बिहारमधले. त्यांच्यासोबत काम करताना पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. क्रियापदापासून सुरुवात करा.
भाजी, चावी, भाडं हे शब्द बाजारात आपोआप कानावर पडतात. वाक्य अडतं ते शेवटी. ‘जातो, जाते, जातात’ जिभेवर बसलं की माणूस बोलायला धजावतो.

२. कर्म बदलून दाखवा.
‘रमेशने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, आंबे खाल्ले.’ रमेश तोच, पण क्रियापद कर्मामागे जातं. हा कर्मणी प्रयोग. ‘रमेश भाकरी खातो’ म्हटलं की तेच क्रियापद पुन्हा कर्त्याचं ऐकतं. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांची बारकाईने चर्चा केली आहे. वर्गात मात्र व्याख्या नंतर, वाक्यं आधी.

३. घरची भाषा विचारा.
‘मीने खाल्ला’ म्हणणारा हिंदीतल्या ‘मैंने’वरून येतो. ‘तो आंबा खाल्ला’ म्हणणाऱ्याच्या घरी बहुधा भोजपुरी असते, कारण भोजपुरीत हा ‘ने’ नाहीच. दोघांची अडचण वेगळी, म्हणून सरावही वेगळा हवा. पहिल्याला ‘मी, तू, आम्ही, तुम्ही’ यांचा ‘ने’ काढायला शिकवायचं, दुसऱ्याला ‘त्या’ला ‘ने’ जोडायला.

४. अवघड जागा लपवू नका.
‘तू पोळी खाल्लीस.’ यातला ‘ली’ पोळीचा, ‘स’ तुझा. एकच क्रियापद दोघांची नोंद ठेवतं. व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. फळ्यावर दोन्ही अक्षरांखाली दोन रंगांच्या रेघा ओढल्या की हे चटकन कळतं.

५. आपली भाषा जगावेगळी नाही, हे सांगा.
कॉकेशस पर्वतातल्या जॉर्जियन भाषेचं मराठीशी काही नातं नाही. तरी तिथे ‘माणूस सफरचंद खातो’ याला ‘कात्सी वाश्लस चाम्स’ म्हणतात आणि ‘माणसाने सफरचंद खाल्लं’ याला ‘कात्समा वाश्ली चामा’. भूतकाळात कर्त्याला ‘मा’ लागला, आपल्या ‘ने’सारखा. आणि ‘मी’साठीचा ‘मे’ तिथेही तसाच राहतो, त्याला ‘मा’ लागत नाही. जॉर्जियनमध्ये लिंगभेद नाही, पण ‘गखेदाव’ या एकाच क्रियापदात ‘मी तुला पाहतो’ एवढं सगळं मावतं. हे ऐकलं की ‘मराठीच कठीण’ ही तक्रार थांबते.

६. ‘मला’ची वाक्यं लवकर द्या.
‘मला भूक लागली’ हिंदीवाल्यांना सोपं जातं. ‘मला चालवत नाही’ मात्र नवं असतं. ‘मुझसे चला नहीं जाता’ डोक्यात ठेवून ते ‘माझ्याकडून चाललं जात नाही’ असं म्हणतात. दवाखान्यात म्हातारी माणसं रोज ‘चालवत नाही, गिळवत नाही’ सांगतात. मदतनीस बाईला हा प्रकार पहिल्याच महिन्यात यायला हवा.

७. अपवाद वाक्यातूनच शिकवा.
‘ती गाणं शिकली’, ‘तो पत्ता विसरला’. कर्म असूनही इथे ‘ने’ नाही. अशा क्रियापदांची यादी पाठ करून घेऊ नका. रोजच्या बोलण्यात ती वाक्यं पुन्हा पुन्हा आली पाहिजेत.

आणि शेवटचं सांगणं मराठी माणसांना. कुणी ‘मीने सांगितलं’ म्हणालं, तर हसू नका आणि लगेच हिंदीत उत्तर देऊ नका. ‘हो, तुम्ही सांगितलंत’ असं बरोबर रूप त्याच्या कानावर घाला आणि बोलणं मराठीतच पुढे न्या. भाषा वर्गात समजते, पण पक्की होते ती तुमच्याशी बोलून.