अशोकबीजावर होणारा उष्णतेचा परिणाम : संग्रह व रोपणविचार

असृग्दरादी स्त्रीव्याधींत अशोकत्वक् हे वैद्यांच्या नित्य उपयोगातील द्रव्य आहे. चरकाचार्यांनी अशोकाची गणना वेदनास्थापन महाकषायात केली आहे. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टाच्या पाठात एक तुळा, म्हणजे आजच्या मानाने ४.८ किलो साल सांगितली आहे. ही साल देणाऱ्या सीताअशोकाची १९९८ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंद झाली. खऱ्या सालीच्या टंचाईमुळे आसोपालवाची साल अशोक या नावाने विकली जाते, हे आपण जाणतोच. यावर लागवड हाच चिरस्थायी उपाय होय. परंतु लागवडीसाठी गोळा केलेले बीज पुष्कळदा आपल्याच हातून निर्जीव होते.

बीजस्वभाव : १९७३ मध्ये रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने साठवणीच्या दृष्टीने बीजांचे दोन वर्ग सांगितले. मेथी, धने यांसारखी बीजे वाळवली असता दीर्घकाळ टिकतात. आंबा, फणस यांची बीजे मात्र वाळली की मरतात. अशोकबीज या दुसऱ्या वर्गातील आहे. ते पक्व होतानाही आर्द्र व क्रियाशील राहते. त्यास सुप्तावस्था जवळजवळ नसते.

उष्णतेचा परिणाम : तापमान वाढले की बीजाचे श्वसन वाढते व अन्नसंचय लवकर क्षीण होतो. जलांश घटल्याने पेशींची आवरणे फाटतात, प्रथिने विकृत होतात आणि अंकुर दग्ध होतो. बाह्यतः बीज धड दिसते, म्हणून दोष लक्षात येत नाही. निसर्गात उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी शेंगा पिकत असल्याने पडलेल्या बीजास ओलावा व सावली मिळते. पाऊस लांबल्यास किंवा वरील छाया तुटल्यास हा मेळ बिघडतो.

संग्रहविधी :
१. वृक्षाची खात्री करावी. सीताअशोकाचे पान संयुक्त, फुले नारिंगी-तांबडी व शेंग चपटी असते. आसोपालवाचे पान साधे व कडेस नागमोडी असून त्यास शेंग येत नाही.
२. तपकिरी होऊन उकलू लागलेल्या शेंगा घ्याव्यात व बीजे सावलीत सोडवावीत. उन्हात मुळीच पसरू नयेत.
३. ओलसर कोकोपीट वा वाळूत घालून कापडी पिशवीतून न्यावीत. बंद प्लास्टिक पिशवीत श्वसनाची उष्णता कोंडते व बुरशी लागते.
४. शक्य तितक्या लवकर, काही दिवसांतच, सावलीतील पिशव्यांत पेरावीत आणि माती ओलसर ठेवावी.

ज्या शोषणाने साल टिकते, त्याच शोषणाने बीज मरते, हा भेद औषधालयातील सेवकांसही समजावून द्यावा. प्रत्येक औषधनिर्मात्याने येत्या हंगामात ताज्या बीजांची काही रोपे तयार केली, तर पुढील पिढीतील वैद्यांना अशोकारिष्टासाठी खरा अशोक मिळेल.