शीतकपाट आणि घरांतील अन्न

इ. स. १८३३ मध्यें टस्कनी नांवाचें जहाज अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून बर्फ भरून कलकत्त्यास आलें, तेव्हां त्या बर्फाचें लोकांस मोठें अप्रूप वाटलें. आज तीच थंडी आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत रात्रंदिवस हजर असते. जिच्यांत ती राहते त्या वस्तूस कोणी रेफ्रिजरेटर म्हणतात, कोणी नुसतें फ्रिज. आम्ही येथें तिला शीतकपाट म्हणूं. परंतु वस्तु सुलभ झाली म्हणजे तिचा उपयोग कसा करावा हें ज्ञान आपोआप येतेंच असें नाहीं. म्हणून शीतकपाटाचें कार्य, त्याची मर्यादा व त्याच्या वापराचे कांहीं नियम या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शीतकपाट थंडी उत्पन्न करितें, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. तें आंतील उष्णता बाहेर काढून टाकितें. मातीच्या माठांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होतांना लागणारी उष्णता आंतील पाण्यांतून घेतली जाते व पाणी गार होतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. शीतकपाटांतही हेंच तत्त्व आहे. फरक इतकाच कीं, माठाची वाफ हवेंत निघून जाते. येथें मात्र नळ्यांत कोंडलेल्या द्रवाची वाफ होते, कॉम्प्रेसर नांवाचें यंत्र ती दाबतें आणि बाहेरच्या नळ्यांत उष्णता टाकून तिचा पुन्हां द्रव होतो. म्हणूनच कपाटाची पाठ किंवा बाजू हातास ऊन लागते. दार उघडें टाकल्यास खोली गार होईल, असें कोणास वाटत असेल तर तें व्यर्थ होय. आंतून निघालेली उष्णता, आणि शिवाय यंत्रानें खाल्लेल्या विजेची उष्णता, खोलींतच पडते. खोली उलट तापते!

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. शीतकपाटांतील थंडीनें जंतु मरत नाहींत. त्यांची वाढ फक्त मंदावते. अनुकूल उष्णतेंत कांहीं जंतूंची संख्या सुमारें २० मिनिटांत दुप्पट होते. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. एका जंतूचे एका तासांत ८, दोन तासांत ६४, आणि सात तासांत २० लाखांहून अधिक! सुमारें ५ ते ६० अंश सेल्सिअस ही उष्णता त्यांच्या वाढीची असते. म्हणून कपाटांतील उष्णता ५ अंशांहून कमी व बर्फाच्या कप्प्यांत उणे १८ अंश असावी. शिजलेलें अन्न दोन तासांच्या आंत, व पारा ३२ अंशांवर चढला असतां एका तासाच्या आंत, कपाटांत ठेवावें. रात्रभर ओट्यावर राहिलेली आमटी सकाळीं कपाटांत ठेविल्यानें रात्रीं वाढलेले जंतु नाहींसे होत नाहींत.

भाताविषयीं तर विशेष सावधगिरी पाहिजे. तांदुळांत बॅसिलस सीरियस नामक जंतूचे बीजाणू असूं शकतात, आणि ते शिजविल्यानेंही मरतातच असें नाहीं. भात उबदार जागीं तासन्‌तास राहिला म्हणजे ते रुजतात, वाढतात व वांती करविणारें विष तयार होऊं शकतें. हें विष फोडणीच्या उष्णतेनेंही नष्ट होत नाहीं. तेव्हां सकाळीं फोडणीचा भात करावयाचा असेल, तर उरलेला भात रात्रींच परातींत पसरून लवकर निववावा व झांकून कपाटांत ठेवावा. नाकाच्या साक्षीवरही विसंबूं नये. आंबूस वास ही नासल्याची खूण खरी. परंतु रोगकारक जंतु असलेल्या अन्नाच्या वासांत वा चवींत पुष्कळदां कांहींच फरक पडत नाहीं. लिस्टेरियासारखे जंतु तर थंडींतही हळूहळू वाढतात. यास्तव उरलेलें अन्न तीन-चार दिवसांपलीकडे ठेवूं नये, आणि खाण्यापूर्वीं तें वाफाळेपर्यंत तापवावें.

कोणती वस्तु कोठें ठेवावी, यासही महत्त्व आहे. कच्चें मांस व मासळी झांकून सर्वांत खालच्या फळीवर ठेवावी, म्हणजे त्यांचें पाणी इतर अन्नावर गळणार नाहीं. शिजलेलें अन्न वर असावें. दाराची जागा वारंवार उघडझांपीमुळें सर्वांत उबदार असते. तेथें दूध न ठेवितां तें आंतल्या फळीवर ठेवावें. बटाटे थंडींत गोडसर होतात व केळ्यांची साल काळी पडते. कांदे, बटाटे व केळीं बाहेरच बरीं.

विजेच्या काटकसरीचे नियम वरील तत्त्वांतूनच निघतात. मागील नळ्यांस हवा मिळावी म्हणून कपाट भिंतीस चिकटवूं नये. चुलीजवळ किंवा उन्हांत तर मुळींच ठेवूं नये. नळ्यांवरील धूळ मधून मधून झाडावी. दारांत कागद धरून दार लावावें. तो सहज निसटला तर दाराचें रबर सैल झालें असें समजावें. आंत हवा फिरण्यास जागा ठेवावी. बर्फाचा जाड थर सांचल्यास तो वितळूं द्यावा, सुरीनें खरवडूं नये. नवें कपाट घेतांना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी या सरकारी संस्थेच्या चिठ्ठीवरील तारे पाहावे. ही चिठ्ठी २००६ सालीं सुरू झाली. सारख्याच आकाराच्या व प्रकाराच्या कपाटांत ज्यास तारे अधिक, त्यास वीज कमी लागते.

वीज गेल्यास दार उघडूं नये. आंतील थंडी सुमारें चार तास टिकते. त्याहून अधिक वेळ लोटल्यास मांस, मासळी व शिजलेलें अन्न चाखून पारखूं नये, टाकून द्यावें.

टाकून देणें जिवावर येतें, हें आम्ही जाणतों. पांच हजारांचें भोजन झाल्यावर उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून प्रभूनें ते गोळा करविले, ही शुभवर्तमानांतील कथा आपल्या शाळेंतील प्रत्येकास परिचित आहे. ते तुकडे त्याच वेळीं गोळा केले होते, हें मात्र ध्यानांत घ्यावें. आपल्या पुष्कळ घरांत शिळें संपविण्याचें काम आईकडे किंवा आजीकडे येतें. टाकवत नाहीं म्हणून तीच तें खाते, आणि आजारही तिच्याच वांट्यास येतो. वृद्धांस असा आजार अधिक जड जातो. यावर उपाय विद्यार्थ्यांच्या हातीं आहे. रात्रीं जेवणें आटोपतांच उरलेलें अन्न लहान भांड्यांत काढून, झांकून, योग्य फळीवर ठेवण्याचें काम मुलांमुलींनीं आपल्याकडे घ्यावें. त्यास दहा मिनिटेंही लागत नाहींत. तेवढ्यानें अन्न वांचेल, आणि आईचें आरोग्यही राखलें जाईल.