प्रवासाहून परतलेला ताप

ताप आलेल्या माणसाला डॉक्टर काय काय विचारतात, ते तुम्हांला ठाऊक आहे. ताप केव्हापासून आहे, थंडी वाजते का, खोकला आहे का, पोट साफ आहे का. पण ज्या देशांत हिवताप उरलेला नाही, तेथील डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : "गेल्या वर्षभरात तुम्ही कोठे जाऊन आलात?" हा साधा प्रश्न कधी कधी रोग्याचा जीव वाचवतो. तो कसा, हे आपण पाहू.

दोन मित्र, एकच रोग

फाउस्टो कोप्पी हा इटलीचा जगप्रसिद्ध सायकलपटू. 'तूर द फ्रान्स' ही अवघड शर्यत त्याने दोनदा जिंकली होती आणि इटलीची 'जिरो दितालिया' पाच वेळा. डिसेंबर १९५९ मध्ये तो पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा या प्रदेशात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, एका शर्यतीसाठी गेला. राफाएल जेमिनियानी हा त्याचा फ्रेंच मित्रही बरोबर होता.

घरी परतल्यावर नाताळच्या सुमारास दोघांनाही ताप आला. फ्रान्समध्ये जेमिनियानीचे रक्त तपासले गेले. त्यात हिवतापाचे परजीवी सापडले, त्याला क्विनीन दिले गेले आणि तो वाचला. इटलीत मात्र कोप्पीचा आजार छातीचा आहे असे समजून उपचार होत राहिले. २ जानेवारी १९६० रोजी तो मरण पावला. तेव्हा तो ४० वर्षांचा होता. जेमिनियानी पुढे २०२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या ९९ व्या वर्षापर्यंत जगला.

क्विनीन हे काही नवे औषध नव्हते. सिंकोनाच्या सालीतून ते १८२० सालीच वेगळे काढले गेले होते. उणीव होती ती निदानाची.

हिवताप ओळखू का येत नाही?

पुस्तकात आपण वाचतो की, हिवतापात हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग घाम येऊन उतरतो, आणि एक दिवसाआड पुन्हा तेच. हे खरे आहे, पण आजाराच्या पहिल्या दिवसांत असा नियमितपणा बहुधा नसतो. सारे परजीवी एकाच वेळी वाढून तांबड्या पेशी फोडू लागले, म्हणजे ताप वेळापत्रकाप्रमाणे येतो. आरंभी ते मागेपुढे असतात. तेव्हा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कधी उलट्या, कधी जुलाब, कधी खोकला अशी लक्षणे दिसतात. फ्लूची लक्षणेही जवळपास अशीच. म्हणून केवळ लक्षणांवरून हिवताप ठरवता येत नाही आणि 'हा हिवताप नव्हे' असेही म्हणता येत नाही. रक्त पाहावेच लागते.

थोडा हिशेब करू

अॅनॉफिलिस जातीची डासाची मादी चावली की परजीवी आधी यकृतात शिरतो. तेथे त्याची वाढ होते. फाल्सिपॅरम या सर्वांत घातक जातीला त्यासाठी सुमारे सहा-सात दिवस लागतात. या काळात रोग्याला काहीच जाणवत नाही. नंतर परजीवी रक्तात उतरतात व तांबड्या पेशींत शिरतात.

समजा, सातव्या दिवशी १ लाख परजीवी रक्तात आले. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर, म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर रक्त असते. म्हणजे दर घन मिलिमीटरला परजीवी पडले ०.०२. पन्नास घन मिलिमीटरमध्ये एक! इतके विरळ परजीवी सूक्ष्मदर्शकाला सापडणार नाहीत.

आता असे धरू की, दर ४८ तासांनी त्यांची संख्या दसपट होते. मग दर घन मिलिमीटरला नवव्या दिवशी ०.२, अकराव्या दिवशी २, तेराव्या दिवशी २०, पंधराव्या दिवशी २००, सतराव्या दिवशी २,००० आणि एकविसाव्या दिवशी २ लाख परजीवी होतील. एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. म्हणजे सतराव्या दिवशी दर १०,००० पेशींत ४ पेशी बाधित होत्या, तर एकविसाव्या दिवशी दर १०० पेशींत ४. चार दिवसांत शंभरपट! प्रत्यक्षात हे आकडे रोग्यागणिक बदलतात, पण वाढीची रीत हीच.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात. पहिली, डास चावल्यापासून सात दिवसांच्या आत आलेला ताप सहसा हिवतापाचा नसतो. दुसरी, आजाराच्या आरंभी केलेल्या तपासणीत परजीवी न सापडणे शक्य आहे. तिसरी, निदानाला एकेक दिवसाचा उशीर फार महाग पडतो.

काचेवरचे दोन लेप

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात आल्फाँस लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रोग्याच्या रक्तात हा परजीवी प्रथम पाहिला. रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात दिसला २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्या सिकंदराबादेत. आजही निदानाची मुख्य रीत तीच आहे : रक्ताचा थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक.

तंत्रज्ञ बोटाला टोचून दोन लेप करतो. जाड लेपात थेंब थोड्याच जागेत गोलाकार पसरतात. पाण्याने तांबड्या पेशी फुटतात आणि परजीवी तेवढे उरतात. त्यामुळे थोड्या वेळात पुष्कळ रक्त नजरेखालून जाते, व परजीवी आहेत की नाहीत हे कळते. पातळ लेपात पेशींचा एकच थर असतो व त्या शाबूत राहतात. त्यावरून परजीवीची जात ओळखता येते. गीम्सा रंजकाने परजीवीचे केंद्रक तांबडे आणि बाकीचा भाग निळा दिसतो. मग हजारपट मोठे करून पाहायचे.

येथे फाल्सिपॅरमची एक लबाडी लक्षात ठेवा. त्याचे वाढलेले परजीवी ज्या पेशींत असतात, त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या, तर रोगी बेशुद्ध होतो. बोटाच्या रक्तात मुख्यतः कोवळे, अंगठीसारखे परजीवीच दिसतात, आणि तेही कधी सापडत नाहीत. म्हणून नियम असा, की पहिला लेप निर्दोष निघाला तरी १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा तपासायचे. एकंदर तीन वेळा.

पंधरा मिनिटांची चाचणी

जेथे अनुभवी तंत्रज्ञ नाही, तेथे झटपट चाचणीची पट्टी उपयोगी पडते. रक्ताचा थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत परजीवीच्या प्रथिनामुळे पट्टीवर रेघ उमटते. पण ही पट्टीही फसू शकते. परजीवी फार थोडे असले तर रेघ उमटत नाही. पेरूतील अमेझॉन खोऱ्यात व आफ्रिकेतील एरिट्रियात तर काही फाल्सिपॅरम परजीवींमध्ये ते प्रथिन बनवणारे जनुकच नाही! उलट, रोग बरा झाल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहते. म्हणून जेथे शक्य आहे तेथे पट्टीच्या जोडीला लेपही पाहतात.

जात कळून काय उपयोग?

उपचार त्यावर ठरतो. फाल्सिपॅरमचा ताप बहुधा परतल्यापासून महिन्याभरात, फार तर तीन महिन्यांत येतो, आणि तो तातडीचा रोग असतो. व्हायव्हॅक्स आणि ओव्हाले या जाती मात्र यकृतात झोपी जातात व काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही जाग्या होतात. रक्तातले परजीवी मारणारी नेहमीची औषधे या झोपलेल्यांना मारत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विनसारखे वेगळे औषध लागते. आग्नेय आशियातील जंगलांत माकडांपासून येणारी नोलेसी ही जात लेपात मलेरिई या सौम्य जातीसारखी दिसते, पण दर २४ तासांनी वाढते. तेथे प्रवासाची माहितीच डॉक्टरांना सावध करते.

आणखी एक गैरसमज. "मी तर त्याच देशात जन्मलो, मला काय होणार?" असे पुष्कळांना वाटते. लहानपणी वारंवार झालेल्या हिवतापाने आलेली प्रतिकारशक्ती काही वर्षे दूर राहिल्यावर ओसरते. नातेवाइकांना भेटायला मायदेशी जाऊन आलेल्यांत हिवताप जास्त आढळतो, तो यामुळेच. प्रतिबंधक गोळ्या घेतल्या होत्या, एवढ्यावरूनही हिवताप नाही असे ठरत नाही.

प्रवास समुद्रापलीकडचाच हवा असेही नाही. गडचिरोलीच्या जंगल भागात राहून पुण्याला परतलेल्या माणसालाही हेच सारे लागू आहे. ताप आला, तर कोठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाची रक्ततपासणी विनामूल्य होते.

आता हे सोडवा

१. एक मुलगा आयुष्यात प्रथमच हिवतापाच्या प्रदेशात सोमवारी पोचला. गुरुवारी त्याला ताप आला. हा हिवताप असेल का? कारण द्या.

२. जाड लेपात २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत ५० परजीवी दिसले. एक घन मिलिमीटर रक्तात ८,००० पांढऱ्या पेशी धरल्यास परजीवी किती? तांबड्या पेशींशी त्यांचे शेकडा प्रमाण काढा.

३. परदेशाहून येऊन आठ महिने झालेल्या गृहस्थांना हिवताप निघाला. मधल्या काळात ते कोठेही गेले नव्हते, आणि त्यांच्या गावी हिवताप नाही. कोणत्या जातींचा संशय घ्याल? केवळ रक्तातले परजीवी मारून भागेल का?

उत्तरे वहीत लिहा आणि वर्गात शिक्षकांबरोबर ताडून पाहा.